जपानी मोटार आणि नगरचा दाखला: सुट्या भागांचा इतिहास

जपानमध्ये घडलेली एखादी वापरलेली स्पोर्ट्स कार मुंबई बंदरात उतरली, की तिच्या कागदपत्रांत एका अनपेक्षित गावाचे नाव येऊ शकते. ते गाव म्हणजे अहमदनगर, आजचे अहिल्यानगर. ना समुद्र, ना मोठा मोटारबाजार. मग निस्सान वा टोयोटाच्या मोटारीला नगरचा दाखला कशासाठी? आजचा धागा याच प्रश्नावर. 🧵

२००१ साली भारताने आयातीवरील उरलेसुरले संख्यात्मक निर्बंध उठवले. परदेशी जुन्या मोटारींचा पूर लोटेल अशी धास्ती तेव्हा होती, म्हणून वापरलेल्या वाहनांभोवती अटींचे कुंपण घालण्यात आले. वाहन तीन वर्षांहून जुने नसावे. सुकाणू उजवीकडे असावे. वेगमापक किलोमीटरमध्ये वेग दाखवणारा असावा. पुढच्या दिव्यांचा झोत डावीकडून चालणाऱ्या रहदारीला साजेसा असावा. आयात केवळ मुंबई बंदरातून व्हावी.

जपानमध्येही रहदारी डावीकडूनच चालते. त्यामुळे अमेरिकी किंवा जर्मन मोटारीला जी अट पहिल्याच पायरीवर अडवते, ती जपानी मोटार जन्मतःच पार करून येते. जपानी मोटारींच्या भारतीय चाहत्यांच्या लक्षात ही साधी भौगोलिक कृपा क्वचितच येते. तीन वर्षांच्या अटीने मात्र त्यांचे मोठे स्वप्न मोडले. १९९०च्या दशकातल्या ज्या गाड्यांवर त्यांचा जीव जडला होता, त्या नियम आला तेव्हाच त्या मर्यादेबाहेर गेलेल्या होत्या किंवा जाण्याच्या बेतात होत्या.

याच अटींमध्ये एक कलम असे आहे, की जे वाचताना डोळा सहज घसरतो. वाहन आयातीनंतर किमान पाच वर्षे रस्त्यावर चालण्यास योग्य असले पाहिजे आणि त्या काळात देशातच त्याच्या देखभालीची सोय होईल, अशी हमी दिली पाहिजे. सरकारी भाषेचे टरफल काढले, तर प्रश्न एवढाच उरतो: ही गाडी मोडली, तर तिचा भाग कोठून आणणार?

या कसोट्यांचा दाखला देणाऱ्या संस्थांमध्ये पुण्याच्या एआरएआयसोबत नाव आहे ते नगरच्या व्हीआरडीईचे, म्हणजे संरक्षण मंत्रालयाच्या वाहन संशोधन व विकास आस्थापनेचे. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२६व्या नियमातही वाहनाच्या नमुन्याची चाचणी घेणाऱ्या संस्थांमध्ये ती आहे. नागरी मोटारीची परीक्षा लष्कराशी बांधलेल्या संस्थेने घ्यावी, हे आज विचित्र वाटेल. त्याचे उत्तर मात्र फाळणीपाशी जाते.

या संस्थेचे मूळ रावळपिंडीजवळच्या चकलाला येथे आहे. ब्रिटिश हिंदी लष्कर घोडे आणि खेचरे सोडून यंत्रांवर स्वार होत होते, तेव्हा लष्करी वाहनांची तपासणी करणारी यंत्रणा तेथे उभी राहिली. १९४७मध्ये चकलाला पाकिस्तानात गेले आणि ही यंत्रणा नगरला आली. पाठोपाठ १९४८मध्ये विविध प्रशिक्षण संस्था एकत्र करून चिलखती दलाचे केंद्र व प्रशिक्षणशाळाही येथे आकारास आली. चाँदबिबीच्या किल्ल्याचे हे शहर अशा रीतीने स्वतंत्र भारताच्या रणगाड्यांचे आणि लष्करी वाहनांचे माहेरघर झाले.

आणि ती वाहने कोणाची होती? शर्मन अमेरिकी, स्टुअर्टही अमेरिकी, चर्चिल ब्रिटिश. स्वातंत्र्य मिळाले, परंतु त्यांचा प्रत्येक बोल्ट परका होता. फाळणीने रेजिमेंटा वाटल्या गेल्या, भांडारे वाटली गेली, आणि रणगाडा एका देशात तर त्याचे कोठार दुसऱ्या देशात, असा प्रसंग अटळ झाला.

नगरच्या रणगाडा संग्रहालयात (स्थापना १९९४) दुसऱ्या महायुद्धातील जपानी रणगाडेही उभे आहेत. त्यांतील ‘टाइप ९५ हा-गो’ हे अगदी चिमुकले यंत्र. पर्यटक त्याच्यासमोर छायाचित्रे काढतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्याच्याकडे निराळ्या नजरेने पाहावे. युद्धात हाती लागलेला रणगाडा ही विजयाची खूण खरी, पण उपयोगाच्या दृष्टीने तो लवकरच निर्जीव लोखंड होतो. त्याचा क्लच झिजला, तर शत्रूच्या कारखान्याकडे मागणीपत्र पाठवता येत नाही!

त्याच संग्रहालयातला पॅटन ही गोष्ट अधिक कठोरपणे सांगतो. सप्टेंबर १९६५मध्ये युद्ध पेटताच अमेरिकेने भारत आणि पाकिस्तान या दोघांचाही शस्त्रपुरवठा थांबवला. कागदावर शिक्षा समान होती. परंतु पाकिस्तानचे चिलखती दल आणि वायुदल मुख्यतः अमेरिकी सामग्रीवर उभे असल्याने तिचा भार त्याच्यावर कितीतरी अधिक पडला. खेमकरण परिसरातील आसल उत्तरच्या लढाईत पॅटन हरले ते भारतीय जवानांच्या शौर्याने, डावपेचांनी आणि चिखलाने. तो पराभव सुट्या भागांच्या खाती घालणे चुकीचे ठरेल. युद्धानंतरच्या वर्षांत उरलेले पॅटन धावते ठेवणे हा मात्र निव्वळ सुट्या भागांचाच प्रश्न होता.

भारताने हा धडा १९६५मध्ये प्रथम गिरवला, असेही नाही. संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांच्या काळात लष्करी वाहने देशातच बांधण्याचा आग्रह सुरू झाला होता. १९५९मध्ये जबलपूरच्या तोफगाडा कारखान्यातून जर्मन ‘मान’ कंपनीच्या परवान्याने ‘शक्तिमान’ ट्रक बाहेर पडला. हलक्या वाहनांसाठी करार झाला तो जपानच्या निस्सानशी. १९६९मध्ये जबलपूरला स्वतंत्र वाहन कारखाना उभा राहिला. शक्तिमान, निस्सानचा एक टनी ट्रक आणि ‘जोंगा’ ही लष्कराची ओळखीची वाहने याच कारखान्याशी जोडली गेली.

‘जोंगा’ हे नाव ऐकून ते जपानी वाटते. प्रत्यक्षात ती जबलपूरच्या आयुध व तोफगाडा जुळणीच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरांची जोडणी आहे! देह मात्र निस्सान पॅट्रोलचा. सहा सिलिंडरचे, जवळपास चार लिटरचे पेट्रोल इंजिन, चारही चाकांना जोर आणि इंधनाची अघोरी तहान. पाठीवर १०६ मिलिमीटरची रणगाडाविरोधी तोफ घेऊन ती वाळवंटात धावली, डोंगर चढली.

येथे निस्सानचा भूतकाळ पाहणे आवश्यक आहे. परवाना देणारी ही कंपनी काही वर्षांपूर्वी स्वतःच परवाना घेणारी होती. १९३६मध्ये तिने डेट्रॉइटच्या ग्रॅहॅम-पेज कंपनीकडून मोटारीची आरेखने आणि यंत्रसामग्री विकत घेतली आणि त्यावर आपली मोठी मोटार उभारली. महायुद्धाने तो उद्योग उद्ध्वस्त केला. डिसेंबर १९५२मध्ये तिने ब्रिटनच्या ऑस्टिनशी करार केला. सुरुवातीस सुटे संच आणून गाड्या जुळवायच्या आणि तीन वर्षांच्या आत सर्व भाग जपानमध्येच बनवायचे, असे ठरले. निस्सानने ते उद्दिष्ट गाठले. म्हणजे जबलपूरला जी शिकवणी सुरू झाली, तिचा शिक्षक काल-परवापर्यंत त्याच बाकावर बसलेला विद्यार्थी होता.

भाग ‘देशी’ होणे म्हणजे नेमके काय? पाटे, बॅटरी, टायर, रबरी नळ्या हे आधी जमते. मग ओतकामाचे भाग येतात. गिअरचे दाते, क्रँकशाफ्ट, बेअरिंग येथे घोडे अडते. आरेखनावरून आकार हुबेहूब उतरवता येतो, पण पोलाद कोणत्या जातीचे, ते किती तापवले, कसे निववले, हे चुकले तर तोच भाग काही हजार किलोमीटरांत जीव सोडतो. बदली भाग मापाने बसतो आणि तरीही टिकत नाही, याची कारणे बहुधा येथे दडलेली असतात. म्हणूनच चाचणीला महत्त्व. खडबडीत मार्ग, चढ, पाणी आणि धूळ यांतून वाहन पुनःपुन्हा नेल्याखेरीज अमुक भाग मूळ भागाच्या तोडीचा आहे असे म्हणता येत नाही. दाखला ज्या कौशल्यावर उभा आहे, ते कौशल्य हेच.

आता एक योगायोग. १९६९ हे जबलपूरच्या कारखान्याचे वर्ष. त्याच वर्षी निस्सानने जपानमध्ये ‘फेअरलेडी झेड’ ही स्पोर्ट्स कार बाजारात आणली, जिने पुढे डॅटसन २४० झेड या नावाने अमेरिका जिंकली. एकाच कंपनीची दोन अपत्ये. एक जगभरच्या शौकिनांच्या भिंतीवर चढले, दुसरे भारतीय जवानांच्या हाती आले. जपानमध्ये पॅट्रोलची ती पिढी १९८०मध्ये थांबली, जोंगा मात्र १९९९पर्यंत बनत राहिली. या स्वावलंबनाची किंमतही येथेच दिसते. भाग आपले झाले, पण यंत्र तोवर वृद्ध झाले होते.

स्वावलंबन नसले तर काय होते, याचे उत्तर १९८५ने दिले. त्या दशकात डीसीएम-टोयोटा, ऑल्विन-निस्सान, आयशर-मित्सुबिशी आणि स्वराज-माझदा असे चार भारतीय-जपानी हलके ट्रक बाजारात उतरले. सप्टेंबर १९८५मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच धनाढ्य राष्ट्रांनी डॉलर उतरवण्याचे ठरवले. सुमारे २४० येनला मिळणारा डॉलर १९८६मध्ये दीडशे-एकशे साठच्या घरात आला. जपानहून येणारा प्रत्येक भाग महागला. १९८६मध्ये टेल्कोने आपला ४०७ ट्रक आणला. त्याचे भाग देशातलेच असल्याने त्याला येनची फिकीर नव्हती. ऑल्विन-निस्सान पुढे महिंद्रकडे गेली, आणि ४०७ मात्र आजही भाजीपाला घेऊन नगर-पुणे रस्त्यावर धावताना दिसतो.

नगरकरांना याच काळातली आणखी एक कथा जवळची वाटेल. हस्तिमल फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२मध्ये इटलीच्या पियाजिओच्या नमुन्यावरून ‘लूना’ आणली आणि नगरचा कारखाना घरोघर पोहोचला. १९८४मध्ये याच समूहाने होंडाशी भागीदारी केली. कायनेटिक होंडा स्कूटर पीथमपूरला बनत असे. बटणावर सुरू होणारी, गिअर न बदलता चालणारी ही जपानी घडणीची स्कूटर म्हणजे तेव्हाचा चमत्कार. १९९८मध्ये होंडा भागीदारीतून बाहेर पडली. ज्या समूहाने एकेकाळी आख्ख्या गाड्या विकल्या, त्याची नगरशी जोडलेली ही कंपनी पुढे प्रामुख्याने गिअर, शाफ्ट असे सुटे भाग घडवणारी झाली. काहींना ही घसरण वाटते. नगरची घडण पाहता तो फारसा आश्चर्याचा शेवट नाही.

लष्करात जोंगाची जागा हळूहळू मारुती जिप्सीने घेतली. तीही मुळात सुझुकीची, म्हणजे जपानीच. फरक असा, की तिचे इंजिन पुढे एस्टीमसारख्या घरगुती मोटारीच्या कुळातले झाले. साहजिकच तिचा भाग तालुक्याच्या दुकानातही मिळण्याची शक्यता निर्माण झाली. मोटारशर्यतीतील हौशी मंडळींनी जिप्सीवर इतकी वर्षे प्रेम का केले, याचे एक कारण या दुकानात आहे.

निवृत्त जोंगा लिलावात निघाल्या आणि शौकिनांच्या अंगणात आल्या. महेंद्रसिंग धोनीने २०१९मध्ये घेतलेल्या जोंगामुळे हे नाव नव्या पिढीच्या कानी पडले. हा छंद सोपा नाही. मूळ इंजिनाचे पिस्टन, कार्ब्युरेटर, गॅस्केट हुडकत भंगारबाजार पालथे घालावे लागतात. एक चालती गाडी राखण्यासाठी दुसरी बंद गाडी घेऊन तिचे अवयव काढणे ही तर सर्रास रीत. पेट्रोलच्या खर्चाला कंटाळून अनेकांनी मूळ इंजिन काढून डिझेल इंजिन बसवले.

येथे कायदा आडवा येतो. मोटार वाहन अधिनियम १९८८चे कलम ५२ सांगते, की निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाहून वाहन वेगळे होईल असा बदल मालकाला करता येत नाही. इंधनबदलासारख्या मोजक्या सवलतींनाही अटी आणि परवानगीची चौकट आहे. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कठोर अर्थ उचलून धरला. झिजलेल्या भागाच्या जागी तसाच भाग बसवणे ही दुरुस्ती. मात्र यंत्राचा स्वभाव पालटणारा भाग बसला, की नगरच्या किंवा पुण्याच्या चाचणीत तपासलेले वाहन आणि रस्त्यावर धावणारे वाहन ही दोन वेगळी वाहने होतात.

मुंबई बंदरात उतरणाऱ्या त्या स्पोर्ट्स कारलाही हाच नियम लागू आहे. तिचा टर्बो, निलंबन, धुराडे बदलण्यापूर्वी मालकाने तिचा दाखला एकदा उघडून पाहावा. त्यावर जे लिहिले आहे, तेवढीच मोटार कायद्याला ठाऊक असते.

(धागा समाप्त. आपल्या घरी जोंगा, जिप्सी किंवा कायनेटिक होंडाच्या सुट्या भागांच्या जुन्या पावत्या असतील तर जपून ठेवा. अभिलेखागारे त्या सहसा ठेवत नाहीत.)