मेल मर्ज : पत्रातील नावे, रकमा चुकतात तेव्हा...

गृहनिर्माण संस्थेची थकबाकीची सूचना, मुलाखतीचे बोलावणे, शाळेचे पालकांना पत्र... मजकूर एकच, नावे मात्र शेकडो. अशा वेळी वर्ड प्रोसेसरमधील ‘मेल मर्ज’ची सोय उपयोगी पडते. एक्सेलमधील यादी पत्राला जोडायची, नाव व रकमेच्या जागी ‘फील्ड’ घालायचे, की प्रत्येकाचे पत्र वेगळे तयार होते. परंतु येथे झालेली एक चूक सगळ्याच पत्रांत उमटते आणि पैसे भरलेल्या सभासदाच्या हातीही थकबाकीची नोटीस पडू शकते. तयार पत्रांत हाताने दुरुस्ती केली, तरी पुढच्या वेळी तीच चूक परत येते. म्हणून दोष मुळाशी शोधायला हवा. तो बहुधा तीनपैकी एका ठिकाणी असतो : फील्डमध्ये, जोडणीत किंवा यादीत.

फील्ड खरे आहे का?

वर्डमध्ये ऑल्ट आणि एफ-९ या कळा एकत्र दाबल्या, की नावांच्या जागी महिरपी कंसातील सूचना दिसतात. त्याच कळा पुन्हा दाबल्यास पत्र पूर्ववत होते. एखाद्या ठिकाणी कंस दिसलाच नाही, तर तेथे फील्ड नसून कोणीतरी टाइप केलेला मजकूर आहे, असे समजावे. फील्डभोवतीच्या दुहेरी बाणांच्या खुणा कळफलकावरून टाइप करून चालत नाही. फील्ड ‘इन्सर्ट मर्ज फील्ड’मधूनच घालावे लागते.

लेबलांच्या पानावर सर्वत्र एकच पत्ता येत असेल, तर ‘नेक्स्ट रेकॉर्ड’ ही सूचना राहून गेलेली असते. पहिले लेबल नीट करून ‘अपडेट लेबल्स’वर क्लिक करावे.

तारीख आणि आकडे

एक्सेलमध्ये ५ मार्च नीट दिसतो, पण पत्रात महिना आधी व दिवस नंतर येतो. रकमेला कधी दशांशचिन्हापुढे अंकांची लांबलचक शेपटी फुटते, तर मुंबईचा ०२२ हा दूरध्वनी संकेतांक नुसता २२ होतो. याचे कारण असे, की वर्ड २००२पासून वर्ड साधारणपणे यादीतील मूळ मूल्य उचलतो. एक्सेलने त्यावर चढवलेले रूप पत्रात येत नाही.

ते रूप फील्डमध्येच सांगावे लागते. कंसातील नावापुढे \# हे चिन्ह आणि इंग्रजी अंकांतील तीन शून्ये लिहिल्यास ०२२ पूर्ण येतो. तारखेसाठी \@ हे चिन्ह देऊन पुढे अवतरणचिन्हांत दिवस, महिना, वर्ष यांची अक्षरे लिहावीत. त्यात महिन्याचा ‘एम’ मोठ्या लिपीतलाच हवा. लहान ‘एम’ म्हणजे मिनिटे! बदल केल्यावर फील्ड निवडून एफ-९ दाबावे.

जोडणी तुटली तर

पत्रात यादीच्या फाइलचा पत्ता साठवलेला असतो. फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली, तर ती पुन्हा दाखवून द्यावी लागते. स्तंभाचे शीर्षक बदलल्यास जुने फील्ड सापडत नाही व त्रुटीचा संदेश येतो. एक्सेलमधील बदल ‘सेव्ह’ केले नसतील, तर तेही पत्रात उतरत नाहीत.

लिबरऑफिस रायटरमध्ये यादीची आधी डेटाबेस म्हणून नोंदणी करावी लागते. तेथे फील्डची नावे पाहण्यासाठी कंट्रोल व एफ-९ या कळा आहेत.

यादीतील दोष

सदनिका क्रमांकांच्या स्तंभात १२ आणि १२-अ अशा मिश्र नोंदी असतील, तर काही जागा रिकाम्या राहतात किंवा तेथे शून्य येते. स्तंभात आकडे आहेत की अक्षरे, याचा अंदाज साधारणतः पहिल्या आठ ओळींवरून बांधला जातो व न जुळणाऱ्या नोंदी गळतात. अशा स्तंभाला आधी ‘टेक्स्ट’ स्वरूप द्यावे आणि मगच नोंदी भराव्यात. आधी भरलेल्या आकड्यांचे स्वरूप नंतर बदलून उपयोग होत नाही, ते पुन्हा टाइप करावे लागतात.

मराठी नावांऐवजी विचित्र रोमन अक्षरे आली, तर यादी युनिकोडपूर्व जुन्या फॉण्टमध्ये असण्याची शक्यता असते. ती युनिकोडमध्ये रूपांतरित करावी. नुसती प्रश्नचिन्हे दिसत असल्यास टेक्स्ट फाइल यूटीएफ-८ स्वरूपात साठवावी.

सर्वांत घातक चूक मात्र संगणक दाखवत नाही. एक्सेलमध्ये केवळ नावांचा स्तंभ अकारविल्हे लावला आणि रकमांचा तसाच राहिला, तर एकाची थकबाकी दुसऱ्याच्या नावावर जाते. फील्ड, जोडणी, तारीख सारे निर्दोष आणि पत्र मात्र खोटे!

म्हणून थेट छपाईची आज्ञा देऊ नये. ‘एडिट इंडिव्हिज्युअल डॉक्युमेंट्स’ निवडून सर्व पत्रे आधी पडद्यावर तयार करावीत. त्यातील पहिले, शेवटचे आणि मधली चार-पाच पत्रे मूळ नोंदवहीशी ताडून पाहावीत. यादीशी ताडून भागत नाही, कारण चूक यादीतच असू शकते.