मीनाकाम तबकडीचे सुवर्ण घड्याळ

सोन्याचे कवच आणि मीना भाजून केलेली तबकडी असलेले, समारंभप्रसंगी वापरावयाचे पातळ घड्याळ. खिशातील व मनगटी अशा दोन्ही प्रकारांत ते आढळते. मीना म्हणजे धातूंच्या ऑक्साइडांनी रंगविलेली काच. तिची पूड धातूच्या पत्र्यावर पसरून भट्टीत भाजली म्हणजे ती वितळते व पत्र्याला कायमची चिकटते. जयपूरच्या दागिन्यांवरील मीनाकारीचे तत्त्वही हेच. अशा घड्याळाची किंमत सोन्यावरून ठरते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः त्याच्या कवचात दोनतीन तोळ्यांहून अधिक सोने क्वचितच असते. त्याचे दुर्मिळपण मुख्यत्वे तबकडीवरील काचेच्या पातळ थरात असते.

मीनाच्या पृष्ठभागावर कुंचल्याने चित्र रंगवून ते भाजण्याची पद्धत फ्रान्समधील शातोदं येथील सोनार झां तूतँ (१५७८–१६४४) याने १६३०च्या सुमारास रूढ केली. नजीकच्या ब्ल्वा शहरातील घड्याळकारांनी ती उचलली आणि सोन्याच्या कवचांवर आतून-बाहेरून चित्रे येऊ लागली. पुढे या कलेचे केंद्र जिनीव्हाकडे सरकले. कॅल्व्हिनच्या प्रभावाखालील या शहरात सोळाव्या शतकात दागदागिन्यांच्या वापरावर कडक निर्बंध आले होते. त्यामुळे तेथील सोनार उपयुक्त वस्तू म्हणून मान्य असलेल्या घड्याळांकडे वळले. फ्रान्समधून धर्मच्छळामुळे आलेल्या प्रॉटेस्टंट कारागिरांची त्यांत भर पडली. १६०१ मध्ये जिनीव्हाच्या घड्याळकारांच्या श्रेणीचे नियम तयार झाले. झां पतितो हा ख्यातनाम मीनाचित्रकार याच शहराचा, तर ह्युओ घराण्यातील मीनाकारही येथेच नावारूपास आले. अलंकारांना मनाई करणाऱ्या गावानेच युरोपातील सर्वांत अलंकृत घड्याळे घडवावीत, हा इतिहासातील एक मौजेचा योगायोग होय.

आरंभीच्या तबकड्या मात्र बहुधा कोरीव धातूच्या असत. पांढऱ्या मीनाची तबकडी अठराव्या शतकात सार्वत्रिक झाली. तीत शोभेपेक्षा सोय अधिक होती : पांढऱ्या पार्श्वभूमीवरील काळे आकडे मेणबत्तीच्या उजेडातही वाचता येत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या बाजारात आलेल्या स्विस खिशातील घड्याळांच्या तबकड्याही बहुधा अशाच असत. त्या काळी मीनाची तबकडी ही नित्याची वस्तू होती, दुर्मिळ नव्हे.

तबकडी तयार करण्याची कृती सांगावयास सोपी व करावयास कठीण आहे. तांब्याच्या (उंची घड्याळांत सोन्याच्या) पातळ चकतीच्या दोन्ही बाजूंना मीना चढवितात. मागच्या बाजूचा थर कोणाला दिसत नाही. पण धातू आणि काच थंड होताना कमीजास्त प्रमाणात आकसत असल्याने एकाच बाजूला मीना असेल, तर चकती वाकते व काच तडकते. पूड खलात बारीक करून पुनःपुन्हा धुतात, कारण तीतील धुळीचा एक कणही भाजल्यावर काळा ठिपका होऊन उमटतो. सु. ८००° से. तापमानाच्या भट्टीत तबकडी थोडाच वेळ ठेवावी लागते. हा क्रम प्रत्येक थरागणिक करावा लागतो व आकड्यांसाठी पुन्हा भाजावे लागते. शेवटच्या भाजणीत बुडबुडा आला, तरी आधीचे सर्व श्रम वाया जातात. पांढऱ्या रंगासाठी कथिलाचे ऑक्साइड, निळ्यासाठी कोबाल्ट, हिरव्यासाठी तांबे आणि माणकासारख्या लालसाठी प्रत्यक्ष सोने वापरतात. तारकामाच्या मीनात सोन्याची अतिसूक्ष्म तार वळवून चित्राची रेषा बसवितात व तारेने झालेल्या कप्प्यांत निरनिराळे रंग भरतात. दुसऱ्या एका प्रकारात सोन्याच्या पत्र्यावर यंत्राने नक्षी कोरून तीवर पारदर्शक मीना देतात. खालची नक्षी रंगातून झळकते.

पहिल्या महायुद्धानंतर मनगटी घड्याळे रूढ झाली आणि मीना मागे पडला. मनगटाला बसणारे धक्के काचेला सोसत नव्हते व छापलेली धातूची तबकडी कितीतरी स्वस्त होती. यानंतरच मीनाची तबकडी ही खास वस्तू ठरली. जिनीव्हाच्या पाटेक फिलिप या कंपनीची मालकी १९३२ मध्ये स्टर्न बंधूंकडे आली. त्यांचा मूळ व्यवसाय तबकड्या बनविण्याचा होता. त्यांच्या कारखान्यासाठी मार्गरीत कोख यांनी तारकामाच्या तबकड्या घडविल्या. नेली रिशार याही त्या काळच्या नामांकित मीनाकार होत. लुई कोत्ये (१८९४–१९६६) या कारागिराने जगातील अनेक शहरांची वेळ एकाच तबकडीवर दाखविणारी यंत्रणा तयार केली होती. तिच्यावर आधारलेले व दोन चाव्या असलेले २५२३ क्रमांकाचे घड्याळ १९५३ मध्ये निघाले. त्याच्या काही नगांच्या मध्यभागी खंडांचे नकाशे तारकामात आहेत, तर काहींवर निळा पारदर्शक मीना आहे. ग्राहकांनी त्याला फारसा प्रतिसाद दिला नाही व ते अगदी थोड्या संख्येने तयार झाले. त्यांपैकी गुलाबी सोन्याचे, निळ्या मीनाचे एक घड्याळ नोव्हेंबर २०१९ मध्ये हाँगकाँग येथील लिलावात ७ कोटी हाँगकाँग डॉलरांहून अधिक, म्हणजे सु. ९० लक्ष अमेरिकी डॉलर किंमतीस गेले. त्या तबकडीवर कंपनीचे नाव आहे, मिलान येथील विक्रेत्या गोबी पेढीचेही आहे. ज्याने अगर जिने तो मीना भाजला, त्या व्यक्तीचे नाही. तबकडीवर मीनाकाराने नाव न घालण्याचा प्रघातच होता, आणि तो न्याय्य होता असे म्हणता येत नाही.

डिसेंबर १९६९ मध्ये जपानच्या सेको कंपनीने आणलेल्या क्वार्ट्‌झ मनगटी घड्याळामुळे यांत्रिक घड्याळांचा धंदा कोसळला. स्विस घड्याळ उद्योगात १९७० मध्ये सु. ९०,००० कामगार होते. १९८०–९० या दशकाच्या मध्यास ते सु. एक-तृतीयांश उरले. जानेवारी १९८० मध्ये सोन्याचा भाव औंसाला ८५० डॉलरपर्यंत चढला, तेव्हा अनेक जुन्या घड्याळांची कवचे वितळविली गेली. सोने पुन्हा बाजारात आले. तबकड्या गेल्या त्या गेल्याच. ल लॉक्ल येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दोन्झे कादरां यासारख्या मोजक्या कार्यशाळांनी ही विद्या टिकविली.

चांगल्या मीनाचा रंग शतकानुशतके उडत नाही, मात्र आघाताने त्याला केसासारखी तडे जातात. धातूची तबकडी पुन्हा रंगविता येते. जुना मीना पुन्हा भाजल्यास तडे वाढण्याची व रंग बदलण्याची भीती असते, म्हणून तडे बहुधा राळेसारख्या द्रव्याने थंडच बुजवितात. ही दुरुस्ती भिंगाखाली सहसा ओळखू येते. जिनीव्हा येथील घड्याळे व मीनाकाम यांच्या संग्रहालयात नोव्हेंबर २००२ मध्ये मोठी चोरी होऊन ते बंद झाले. त्याच शहरात पाटेक फिलिप कंपनीने २००१ मध्ये उघडलेल्या संग्रहालयात तूतँच्या काळापासूनची मीनाची घड्याळे पाहावयास मिळतात.