एप्रिल-मेमधला हिमालय : हिमस्खलन कधी आणि का होते?

उन्हाळ्याची सुट्टी लागली की बेळगाव, इंदूर, बडोद्याहून अनेक जण हिमालयात ट्रेकला निघतात. थंडी ओसरली, म्हणजे बर्फाचा धोका टळला, असा समज असतो. तो चुकीचा आहे. 4 एप्रिल 2023 रोजी सिक्कीममध्ये नाथू ला रस्त्यावर भर दुपारी हिमस्खलन होऊन सात पर्यटकांचा मृत्यू झाला. पोलिसांच्या माहितीनुसार, परवाने तेराव्या मैलापर्यंतचेच होते. दुर्घटना पंधराव्या मैलाजवळ घडली.

बर्फ का सुटतो?
हिवाळ्यात बर्फाचे थरावर थर साचतात. वसंतात दिवसा ऊन पडतं, वरचा बर्फ वितळतो आणि पाणी आत झिरपतं. थरांची एकमेकांवरची पकड ढिली होते आणि ओला, जड बर्फ उतारावरून सुटतो. 30 ते 45 अंशांचे उतार सर्वांत धोक्याचे.

रात्र महत्त्वाची
रात्री आकाश निरभ्र असेल, तर बर्फ पुन्हा गोठून टणक होतो. ढगाळ रात्री तो नीट गोठत नाही, मग सकाळपासूनच धोका असतो. म्हणूनच जाणकार वाटाडे पहाटे अंधारात निघतात आणि ऊन तापायच्या आत उतार ओलांडतात. ऊन आधी पूर्वेकडच्या, मग दक्षिणेकडच्या आणि दुपारनंतर पश्चिमेकडच्या उतारांवर येतं.

परत फिरण्याच्या खुणा
पाय घोट्याच्या वर रुतू लागणे, उतारावरून बर्फाचे गोळे आपोआप घरंगळणे, जवळपास ताजं स्खलन दिसणे. पश्चिमी झंझावातामुळे एप्रिलमध्येही नवा बर्फ पडतो. त्यानंतरचा किमान एक दिवस थांबलेलं बरं.

निघण्यापूर्वी
डीआरडीओची चंदीगड येथील डीजीआरई ही संस्था हिमस्खलनाचे इशारे देते. ते आणि हवामान खात्याचा अंदाज दोन्ही पाहावेत. बर्फाळ उतारावर प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर, शोधकाठी आणि फावडं हवं. गाडला गेलेला माणूस जिवंत सापडण्याची शक्यता पहिल्या 10-15 मिनिटांनंतर झपाट्याने घटते. तेवढ्यात बाहेरची मदत पोहोचत नाही, वाचवतात ते सोबतचेच. धोक्याचा उतार एकेकानेच ओलांडावा, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून नजर ठेवावी.

आणि वाटाड्या "आज नको" म्हणाला, तर हुज्जत घालू नये. शिखर पुढच्या वर्षीही तिथंच असतं.