परसातील जमाखर्च

कोंबडी आणि मधमाशी या दोघींना आपल्या कृषिविषयक लेखनात एक समान मान मिळत आला आहे. तो म्हणजे काही न मागता देणाऱ्या जीवांचा. कोंबडीने उकिरडा उकरावा, खरकटे वेचावे आणि अंडे द्यावे. माशीने रानातला मकरंद आणावा आणि मध द्यावा. घरधन्याने हात तेवढा पुढे करायचा. गेल्या शंभर वर्षांत ग्रामोद्धाराच्या ज्या योजना निघाल्या, त्यांतील बहुतेकींत या जोडधंद्यांना मानाचे पान आहे. खर्चाची बाजू मात्र खुराडे, पेटी, थोडे खाद्य आणि थोडी साखर एवढ्यावरच आटोपते. या यादीत न मावलेला जो खर्च इतिहासाने वेळोवेळी वसूल केला, त्याचा मागोवा घ्यावा असे आम्ही योजिले आहे.

जुन्या घरांतून कोंबडीचा हिशेब बाईच्या हाती असे. अंड्यांचा पैसा तिचा, हे खरे; पण सांजेला कोंबड्या झाकणे, पहाटे सोडणे, घारीवर आणि मुंगसावर डोळा ठेवणे, शेजारणीच्या वाळवणात चोच पडली की तिची बोलणी खाणे, हेही तिच्याच वाट्याचे. गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देई. ती खुडूक झाली की अंडी बंद. रवणीला बसली की एकवीस दिवस अंड्यांवर आणि पुढे कित्येक आठवडे पिलांमागे. सुधारकांच्या दृष्टीने हा काळ वाया गेलेला. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसासाठी तयार केलेल्या ‘वनराजा’ आणि ‘ग्रामप्रिया’ या जातींची कोंबडी गावठीच्या दुपटीहून अधिक अंडी देते, परंतु ती सहसा खुडूक होत नाही. मग पिले विकत आणावी लागतात, पहिले काही आठवडे त्यांना दिव्याची ऊब द्यावी लागते, लशी टोचाव्या लागतात. या जातींनी अनेक गरीब घरांत अंडे पोहोचविले, ते आम्ही नाकारीत नाही. मात्र खुडूक कोंबडी ‘रिकामी बसून’ जे काम करीत होती, त्याची किंमत ते विकत घ्यावे लागले तेव्हाच कळली.

कोंबडीच्या दाण्याची किंमत सरकारी कागदावर स्पष्ट लिहिली गेल्याचे एक ठळक उदाहरण युद्धकाळातील ब्रिटनचे आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या कृषिखात्याने घरटी माणशी दोन कोंबड्या पाळा, ताज्या अंड्यांची ददात राहणार नाही, असा प्रचार केला होता. दुसऱ्या युद्धात, १९४१ साली, ब्रिटनमध्ये अंड्यांचे रेशनिंग आले तेव्हा हिशेब अधिक रोखठोक झाला. ज्या कुटुंबाला परसात कोंबड्या पाळावयाच्या असतील, त्याने आपल्या वाट्याच्या रेशनच्या अंड्यांवर पाणी सोडावे, त्या बदल्यात कोंबडीखाद्य मिळेल. म्हणजे हातचे अंडे देऊन होणाऱ्या अंड्याचा दाणा घ्यायचा. कोंबडीने पिसे झाडायला काढली किंवा कोल्ह्याने ती नेली, तर घर दोन्हीकडून गेले. इतका प्रामाणिक करार आमच्या पाहण्यातल्या कोणत्याही योजनेत नाही.

दाणा आणि मेहनत हे खर्च निदान दिसतात तरी. रोगाचा खर्च दिसत नाही, कारण तो येतो शेजारून. १९२६ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे आणि जावा बेटावर कोंबड्यांत एक भयंकर साथ उद्भवली. १९२७ मध्ये ती कुमाऊंतील राणीखेतला आढळली. तेव्हापासून जग तिला न्यूकॅसलचा रोग म्हणते आणि आपण राणीखेत. खेड्यातला आपला शब्द मात्र मानमोडी, आणि १९१८च्या इन्फ्लुएंझालाही आपल्या आजोबांच्या पिढीने हेच नाव दिले होते. माणसाच्या आणि कोंबडीच्या मरणाला एकच शब्द वापरणारी भाषा फार काही सांगून जाते.

या रोगावर लस आहे आणि ती स्वस्तही आहे. पण तिची कुपी शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांची असते, ती थंड ठेवावी लागते आणि एकदा कालवली की काही तासांत संपवावी लागते. ज्या घरी पाचच कोंबड्या आहेत, त्याने उरलेल्या पंचाण्णव मात्रांचे काय करावे? आळीतल्या सर्वांनी एकाच सकाळी कोंबड्या धरून ठेवल्या तरच ही लस स्वस्त. एरवी ती मोठ्या पोल्ट्रीवाल्याला स्वस्त आणि परसातल्या बाईला महाग.

पुढचा प्रसंग आपल्या सीमेवरचा. नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे, हे कौतुकाने सांगितले जाते. १८ फेब्रुवारी २००६ रोजी या गावाचे नाव वेगळ्याच कारणाने देशभर झाले. भारतातील बर्ड फ्लूची पहिली नोंद तेथील पोल्ट्री फार्मांवर झाली, आणि शेजारच्या गुजरातेतील उच्छल येथेही रोग निघाला. अशा वेळी नकाशावर केंद्र धरून वर्तुळ काढतात आणि त्याच्या आतले सर्व पक्षी मारतात. वर्तुळाला राज्याची सीमा कळत नाही, तसा पन्नास हजारांचा फार्म आणि झोपडीपुढच्या चार कोंबड्या यांतला फरकही कळत नाही. भोवतालची वस्ती बहुतांशी आदिवासींची. त्यांच्या दारची कोंबडी देवाला लागते, पाहुण्याला लागते, अडीनडीला बाजारात जाते. नुकसानभरपाई मिळते ती पक्ष्याची. तो नसल्यामुळे जे अडते, त्याची मिळत नाही. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातील खेड्यांत साथ निघाली आणि तेथेही हेच घडले. २०२१च्या फेब्रुवारीत नवापूरवर पुन्हा तीच पाळी आली.

कोंबडीवर निदान वर्तुळ काढता येते. माशी कोणते वर्तुळ मानणार? आपल्या सह्याद्रीतली सातेरी माशी झाडाच्या ढोलीत, दगडाच्या कपारीत राहणारी. तिला पेटीत आणण्याची कला आली पश्चिमेकडून. लँगस्ट्रॉथने १८५१ साली अमेरिकेत हलत्या चौकटींच्या पेटीचे तत्त्व शोधले, आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तिरुचिरापल्लीकडे फादर न्यूटन या जेझुइट धर्मगुरूंनी आपल्या लहान माशीला बेताची पेटी घडविली. १९२८च्या शाही कृषी आयोगाने या कुटीरोद्योगाची शिफारस केली, महाबळेश्वर आणि कोडगू ही त्याची पीठे बनली, १९६२ साली पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था निघाली. महाबळेश्वरी पावसाळ्यात माशी चार महिने बाहेर पडू शकत नाही. तेव्हा तिला साखरेचा पाक पाजावा लागतो. न पाजल्यास सबंध वसाहत पेटी सोडून उठून जाते. हा खर्च मधपाळांना ठाऊक होता आणि त्यांनी तो सोसला.

ठाऊक नव्हता तो दुसराच. १९७६ साली थायलंडमध्ये या माशीच्या अळ्यांत एक विषाणू सापडला. अळी कोशात जाण्यापूर्वीच मरते आणि पाणी भरलेल्या पिशवीसारखी होते. १९९१-९२च्या सुमारास हा रोग दक्षिण भारतात पसरला आणि केरळ, तमिळनाडू, कर्नाटकातील दहांपैकी नऊ वसाहती गेल्या, असे अंदाज आहेत. त्याला औषध नाही. पेटीतली माशी आणि ढोलीतली माशी एकच असल्यामुळे तो रानातही गेला. विराजपेठेसारख्या जुन्या मधकेंद्रांची रया गेली. ज्याने आयुष्यात कधी पेटी पाळली नाही, पण ज्याच्या वेलदोड्याला फळ धरते ते माशीच्या येण्याजाण्यामुळे, त्याचेही नुकसान झाले. ते कोणत्या खतावणीत मांडावे?

रिकाम्या पेट्यांत मग अधिक मध देणारी युरोपीय मेलिफेरा माशी आली. तिला १९६०च्या दशकाच्या आरंभी कांगड्यातील नगरोटा येथे रुजविण्यात यश आले होते. तिचा खर्च तर उलट दिशेने वाहिला. आशियाई माशीच्या अंगावर पूर्वापार राहणारी व्हॅरोआ नावाची गोचिडीसारखी कीड. आपली माशी तिला झटकून टाकू शकते. माणसाने दोन्ही माश्या शेजारी ठेवल्या, तेव्हा ही कीड परदेशी माशीवर चढली आणि जगभर गेली. १९८७ साली ती अमेरिकेत आणि १९९२ साली ब्रिटनमध्ये पोहोचली. २०२२च्या जूनमध्ये ऑस्ट्रेलियातील एका बंदरात ती सापडली, तेव्हा पुन्हा नकाशावर वर्तुळे निघाली आणि हौशी मधपाळांच्या निरोगी पेट्याही नष्ट केल्या गेल्या. त्या बंदराचे नाव योगायोगाने न्यूकॅसलच. वर्षभराने, सप्टेंबर २०२३ मध्ये, कीड हटविण्याचा प्रयत्न सोडून देण्यात आला.

२०२२ सालीच महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. गावातील बहुतेक घरी पेट्या आहेत आणि त्या सातेरीच्या आहेत, ही आनंदाची गोष्ट. तेथील एखाद्या मधपाळाची वही पाहण्याची आम्हांस उत्सुकता आहे. विशेषतः जून ते सप्टेंबरची पाने, आणि शेजाऱ्याची पेटी आजारी पडल्याचे कळले त्या दिवशी त्याने काय लिहिले ते.