सरकारी हमीचं गृहकर्ज म्हणजे नेमकं काय? नाशिकमध्ये घर घेताना पात्रता कशी तपासायची?

सरकार हमी देतं, त्यामुळे पगार कमी असला तरी बँक गृहकर्ज देते, अशा आशयाचे मेसेज आणि रील घर शोधणाऱ्या बहुतेकांच्या मोबाइलवर येऊन गेलेले असतात. त्यातला काही भाग खरा आहे. केंद्र सरकारची गृहकर्जासाठी पतहमी योजना खरोखर अस्तित्वात आहे. पण ही हमी नेमकी कोणाला मिळते, हे त्या मेसेजमध्ये सहसा नसतं. ते समजून न घेता बुकिंगची रक्कम भरली, तर अडकतात ते आपलेच पैसे.

नाशिकमध्ये सातपूर, अंबड, सिन्नर किंवा गोंदे इथल्या कारखान्यांत काम करणारं, महिन्याला चाळीस-पंचेचाळीस हजारांत घर चालवणारं कुटुंब डोळ्यांसमोर ठेवून आपण ही योजना आणि तिची पात्रता समजून घेऊ.

हमी कोणाला मिळते?

केंद्र सरकारने २०१२ मध्ये कमी उत्पन्न गटाच्या घरांसाठी पतजोखीम हमी निधी ट्रस्ट स्थापन केला. एखाद्या गरीब कुटुंबाला बँकेने गृहकर्ज दिलं आणि ते बुडालं, तर नुकसानाचा ठरावीक हिस्सा हा ट्रस्ट बँकेला भरून देतो. मूळ योजनेत २ लाखांपर्यंतच्या कर्जाला ९० टक्के आणि त्यापुढच्या कर्जाला ८५ टक्के हमी होती.

म्हणजेच ही हमी बँकेला मिळते, कर्जदाराला नाही. हप्ते थकले म्हणून सरकार ते तुमच्या वतीने भरत नाही. ट्रस्टकडून पैसे मिळाल्यावरही बँकेची वसुली सुरूच राहते.

मग तुमचा फायदा काय? मुख्य फायदा दोन गोष्टींत आहे. एक म्हणजे, या हमीखालच्या कर्जासाठी बँक तिसऱ्या व्यक्तीचा जामीन किंवा घराव्यतिरिक्त दुसरं तारण मागत नाही. दुसरं म्हणजे, ज्यांच्याकडे पक्की सॅलरी स्लिप नाही, अशा भाजीविक्रेत्या, रिक्षाचालक किंवा शिलाईकाम करणाऱ्या ग्राहकाला कर्ज देण्याची बँकेची भीती कमी होते. तरीही कर्ज मंजूर करायचं की नाही, हा निर्णय बँकेचाच असतो. हमीसाठी अर्जही बँकच करते. ‘हमीपत्र काढून देतो’ म्हणून कोणी एजंट तुमच्याकडे पैसे मागत असेल, तर तिथेच थांबा.

९ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० ला मंजुरी दिली, तेव्हाच या हमी निधीची रक्कम १ हजार कोटींवरून ३ हजार कोटी रुपये करण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन नॅशनल हाउसिंग बँकेकडून राष्ट्रीय पतहमी विश्वस्त कंपनीकडे देण्याचा निर्णय झाला.

अमेरिकेतल्या योजनेशी गल्लत नको

परदेशात राहणाऱ्या नातेवाइकांकडून ‘एफएचए लोन’ हा शब्द अनेकांनी ऐकलेला असतो. अमेरिकेत १९३४ पासून फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन ही सरकारी संस्था गृहकर्जांचा विमा उतरवते. तिथे क्रेडिट स्कोअर ५८० किंवा अधिक असेल, तर घराच्या किमतीच्या अवघे ३.५ टक्के स्वतः भरून कर्ज मिळू शकतं. त्या विम्याचा हप्ता मात्र कर्जदारालाच भरावा लागतो.

भारतात तसं नाही. इथे ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के रक्कम देऊ शकते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ही मर्यादा ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के आहे. त्यामुळे ‘शंभर टक्के कर्ज’ अशी जाहिरात दिसली, तर उरलेले दहा टक्के कुठून येणार आहेत, हे विचारा. बऱ्याचदा त्याचं उत्तर महागडं वैयक्तिक कर्ज असं असतं.

सरकारी मदतीसाठी कोण पात्र?

सरकारी हमी आणि सरकारी व्याज अनुदान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हमी बँकेसाठी असते. अनुदान मात्र थेट तुमच्या कर्जखात्यात जमा होतं.

प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नानुसार तीन गट आहेत:

आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक: ३ लाख रुपयांपर्यंत.
अल्प उत्पन्न गट: ३ ते ६ लाख रुपये.
मध्यम उत्पन्न गट: ६ ते ९ लाख रुपये.

पतहमी पहिल्या दोन गटांसाठी आहे आणि तिच्यात कर्जाच्या रकमेलाही मर्यादा असते. व्याज अनुदान तिन्ही गटांना मिळू शकतं. त्याच्या मुख्य अटी अशा:

घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असावं.
घराचा कार्पेट एरिया १२० चौरस मीटरपर्यंत असावा.
कर्ज १ सप्टेंबर २०२४ रोजी किंवा त्यानंतर मंजूर होऊन वितरित झालेलं असावं.
देशात कुठेही कुटुंबाच्या नावावर पक्कं घर नसावं.
गेल्या २० वर्षांत कोणत्याही सरकारी गृहनिर्माण योजनेतून घर घेतलेलं नसावं.

अनुदान कर्जाच्या पहिल्या ८ लाखांवर, १२ वर्षांपर्यंतच्या मुदतीसाठी, ४ टक्के दराने मोजलं जातं. ते जास्तीत जास्त १ लाख ८० हजार रुपये मिळतं आणि पाच वार्षिक हप्त्यांत येतं. प्रत्येक हप्त्याच्या वेळी कर्ज चालू असावं लागतं आणि मुद्दलाची ५० टक्क्यांहून जास्त रक्कम बाकी असावी लागते. कर्ज घाईने फेडायचा विचार असेल, तर ही अट लक्षात ठेवा.

गावाकडच्या घराचं काय?

नाशिकमध्ये हा प्रश्न घरोघरी असतो. नोकरी शहरात आणि वडिलोपार्जित घर कळवण, येवला किंवा निफाडकडच्या गावात. योजनेत ‘कुटुंब’ म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुलं-मुली. घर वडिलांच्या नावावर असेल आणि तुम्ही विवाहित असाल, तर ते तुमच्या कुटुंबाचं घर धरलं जात नाही. वडिलांच्या पश्चात घराच्या उताऱ्यावर वारस म्हणून तुमचं नाव लागलं असेल, तर मात्र अर्ज अडू शकतो. अशा वेळी माहिती लपवू नका. अर्जात सगळ्यांचे आधार क्रमांक द्यावे लागतात आणि खोटं स्वयंघोषणापत्र पुढे महागात पडतं.

घर कुठे आहे, हेही महत्त्वाचं. ही योजना शहरी भागासाठी आहे. नाशिक महापालिका, भगूर आणि सिन्नरसारख्या नगरपरिषदा, मालेगाव महापालिका आणि अधिसूचित नियोजन क्षेत्र त्यात येतं. ग्रामीण भागासाठी वेगळी योजना आहे. शहराला लागून असलेल्या गावात फ्लॅट घेत असाल, तर ती जागा कोणत्या हद्दीत मोडते, हे बिल्डरच्या तोंडी शब्दावर सोडू नका.

बँक तुमची पात्रता कशी मोजते?

सरकारी अटींत बसलात, तरी बँकेची स्वतःची कसोटी उरतेच. एक उदाहरण घेऊ. पतीचा हातात येणारा पगार ३२ हजार आणि पत्नीचं उत्पन्न १२ हजार, म्हणजे महिन्याला ४४ हजार आणि वर्षाला ५ लाख २८ हजार. हे कुटुंब अल्प उत्पन्न गटात आलं.

बँक साधारणपणे उत्पन्नाच्या निम्म्यापर्यंत सगळे हप्ते धरते. इथे ते झाले २२ हजार. मोटारसायकलचा ३,५०० रुपयांचा हप्ता चालू आहे, म्हणून घरासाठी उरले १८,५००. व्याजदर ८.५ टक्के आणि मुदत २० वर्षं धरली, तर एक लाखाला सुमारे ८६८ रुपये हप्ता बसतो. म्हणजे कर्ज मिळेल सुमारे २१ लाख. मोटारसायकलचं कर्ज नसतं, तर हाच आकडा २५ लाखांपर्यंत गेला असता. साडेतीन हजारांचा छोटा हप्ता गृहकर्जाची पात्रता चार लाखांनी खाली आणतो. मोबाइल, फ्रिज, गाडी यांचे हप्ते अर्जाआधी संपवायचे ते यासाठी.

याच कुटुंबाने २३ लाखांचा फ्लॅट ठरवला, तर ९० टक्क्यांप्रमाणे कर्ज २० लाख ७० हजार. स्वतःचे २ लाख ३० हजार हवेत. शिवाय मुद्रांक शुल्क आणि नोंदणी मिळून साधारण सहा ते सात टक्के, म्हणजे आणखी दीड लाखाच्या आसपास. हा खर्च बँक घराच्या किमतीत धरत नाही. वकील, प्रक्रिया शुल्क आणि वीजमीटर धरले, तर हाताशी किमान चार लाख असल्याशिवाय बुकिंगला जाऊ नये. अनुदान या कामाला येत नाही, कारण ते कर्ज सुरू झाल्यावर, पाच वर्षांत थोडं थोडं येतं.

सिबिल स्कोअर ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो आणि ७५० च्या पुढे असेल तर काम सोपं होतं. देशातल्या चारही पतमापन कंपन्यांनी वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत द्यावा, असा नियम आहे. घर बघायला जाण्याआधी तो काढून तपासा. फेडलेलं कर्ज अजून चालू दिसत असेल, तर दुरुस्तीला वेळ लागतो.

पगारपत्रक नसेल तर बँकखात्यातली नियमित जमा, आयकर विवरणपत्र, दुकानाचा परवाना, जीएसटी नोंदणी किंवा वीजबिलं पाहिली जातात. रोजचा गल्ला घरात न ठेवता खात्यात भरण्याची सवय किमान वर्षभर आधी लावलेली बरी. एक चूक मात्र टाळा. अनुदानासाठी उत्पन्न कमी आणि कर्जासाठी जास्त दाखवलं, तर दोन्ही कागद एकाच बँकेच्या टेबलावर येतात.

घर कोणाच्या नावावर घ्यावं?

योजनेत घर कुटुंबातल्या महिलेच्या नावावर किंवा पती-पत्नीच्या संयुक्त नावावर असणं अपेक्षित आहे. दुसरीकडे महाराष्ट्रात फक्त महिलेच्या नावाने निवासी घर खरेदी केल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. २३ लाखांच्या घरावर ही बचत २३ हजार रुपयांची होते. संयुक्त नावावर ती मिळत नाही. घर पत्नीच्या एकटीच्या नावावर घेतलं, तर योजनेची अट आणि मुद्रांक सवलत दोन्ही साधतं. कर्जात पती सहकर्जदार राहू शकतो.

पैसे भरण्याआधी काय तपासावं?

प्रकल्प महारेराकडे नोंदलेला आहे का, ते संकेतस्थळावर पाहा. नोंदणीकृत करार न करता बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. बिनशेती आदेश नसलेला प्लॉट किंवा गुंठ्यांनी विकलेली जागा स्वस्त दिसते, पण तिथे बँक सहसा कर्ज देत नाही आणि मग हमी किंवा अनुदान यांचा प्रश्नच उरत नाही.

म्हाडाच्या नाशिक मंडळाच्या सोडतीवरही लक्ष ठेवा. ४ हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या खासगी प्रकल्पांत २० टक्के घरं दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवावी लागतात आणि ती म्हाडामार्फत सोडतीने दिली जातात.

कर्ज मंजूर झाल्यावर बँकेकडून मुख्य तथ्य विवरण मागून घ्या. १ ऑक्टोबर २०२४ पासून ते देणं बंधनकारक आहे. त्यात सगळे शुल्क धरून वर्षाचा खरा खर्च किती टक्के, हे एका जागी दिलेलं असतं.

हप्ते थकले तर?

९० दिवसांहून जास्त काळ हप्ता थकला, की कर्जखातं एनपीए होतं. मग २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँक ६० दिवसांची नोटीस देते आणि त्या मुदतीत थकबाकी भरली नाही, तर घराचा ताबा घेऊन लिलाव करू शकते. लिलावात पूर्ण रक्कम आली नाही, तर उरलेली बाकी तुमच्याकडूनच मागितली जाते. कर्जाला सरकारी हमी असली, तरी यातलं काहीही बदलत नाही.

म्हणून नोकरी गेली किंवा आजारपण आलं, तर पहिला हप्ता चुकण्याआधीच बँकेत जाऊन मुदत वाढवून मागा. आणि घर ठरवतानाच सहा महिन्यांच्या हप्त्यांइतकी रक्कम बाजूला ठेवता येईल, एवढ्याच किमतीचं घर बघा. वरच्या उदाहरणात ही रक्कम एक लाख आठ हजारांच्या आसपास होते. अडचणीच्या काळात घर टिकवायला हीच शिल्लक उपयोगी पडते.