झोपेतले मरण

महात्मा फुले मंडईत भाजीच्या गाळ्याशी उभा असताना शेजारच्या दोन बायकांचे बोलणे कानी आले. त्यांच्या ओळखीचे कोणी रात्री झोपेतच वारले होते. “काही कळलंसुद्धा नाही हो त्यांना. पुण्यवान माणूस!” दुसरीने मान डोलावली आणि कोथिंबिरीचा भाव विचारला.

माझ्या आजीने हे ऐकले असते तर क्रूसाची खूण केली असती. तिच्या काळच्या लितनीत आकस्मिक मरणापासून सोडवण्याची विनवणी होती. चांगले मरण म्हणजे जाणिवेत आलेले मरण: पापनिवेदन झालेले, ख्रिस्तशरीराची शिदोरी घेतलेली, घरच्यांचा निरोप घेतलेला. संत योसेफ अशा मरणाचे आश्रयदाते, कारण परंपरेनुसार त्यांच्या उशाशी येशू आणि मरिया होती. वेदनेचा प्रश्न त्यानंतरचा.

ही भीती पुस्तकी नव्हती. १८९६ च्या अखेरीस पुण्यात प्लेग शिरला, तेव्हा ही मंडई जेमतेम दहा वर्षांची होती. रोग्याला इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत नेत. निरोप कोण कोणाचा घेणार? १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले याच साथीत, रोग्यांची सेवा करताना गेल्या. त्यांच्या मरणाला आपण थोर म्हणतो, ते सुखाचे होते म्हणून नव्हे.

पुढे शब्द बदलले, आणि काही आम्हीच बदलले. याकोबाच्या पत्रात तेल लावायचे ते आजाऱ्याला. मध्ययुगात त्याच संस्काराला ‘अंतिम अभ्यंग’ हे नाव चिकटले, आणि धर्मगुरू दारात दिसला की घरात रडारड सुरू होऊ लागली. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली ‘रुग्णाभ्यंग’ हे नाव अधिक उचित ठरवले; १९७२ साली पोप पॉल सहावे यांनी नवा विधी दिला. ईस्टर जागरणाच्या लितनीत आता विनवणी आहे ती शाश्वत मरणापासून सोडवण्याची. या सुधारणा योग्यच होत्या. भीती मात्र नावाबरोबर गेली नाही.

गंमत अशी की २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला, तेव्हा निरर्थक उपचार थांबवण्याविषयीची इच्छा माणसाला शुद्धीत असतानाच लिहून ठेवण्याची मुभा दिली. आजीची पूर्वतयारी वकिलाच्या हातून परतली म्हणायची!

मागच्या पावसाळ्यात एका घरून बोलावणे आले. मुलाने दारातच हळू आवाजात सांगितले, “फादर, बाबांना काही कळू देऊ नका.” आत गेलो. बाबा जागे होते. माझ्या हातातली तेलाची डबी पाहून म्हणाले, “फादर, फार वाट पाहायला लावलीत.”