मनाचे भौतिक स्पष्टीकरण

विचार, वेदना, स्मृती, इच्छा इत्यादी मानसिक घटनांचे संपूर्ण स्पष्टीकरण मेंदू व मज्जासंस्था यांतील भौतिक-रासायनिक प्रक्रियांच्या आधारे देता येते का, हा तत्त्वज्ञानातील जुना व अद्याप अनिर्णित प्रश्न. तसे ते देता येते, या मतास भौतिकवाद किंवा जडवाद म्हणतात. मन वा चैतन्य हे जडाहून निराळे तत्त्व आहे, असे मानणारे मत म्हणजे द्वैतवाद. भारतात पहिल्या मताची ठळक मांडणी चार्वाकांनी केली. पृथ्वी, आप, तेज व वायू या चार भूतांपैकी एकातही सुटेपणी न आढळणारे चैतन्य त्यांच्या विशिष्ट संयोगातून उपजते, जशी किण्व व इतर द्रव्ये एकत्र आली की मादकता उत्पन्न होते, हा त्यांचा प्रसिद्ध दृष्टांत होय. तथापि त्यांचे बहुतेक लेखन लुप्त झाल्याने तो मुख्यतः प्रतिपक्षाच्या ग्रंथांतूनच हाती लागतो.

या प्रश्नाला भारतात प्रयोगशाळेचे रूप आले ते प्रामुख्याने दिल्लीत. 1956 मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील (एम्स) शरीरक्रियाशास्त्रज्ञ बी. के. आनंद यांनी त्याआधी अमेरिकेत जॉन ब्रोबेक यांच्यासमवेत 1951 मध्ये दाखवून दिले होते, की अधश्चेतकाचा, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या एका लहान भागाचा, बाह्य पार्श्व नष्ट केल्यास उंदीर अन्न घेणे सोडून देतात. भुकेसारख्या प्रेरणेला मेंदूत ठिकाण असल्याचा हा भक्कम पुरावा होता. ज्या संशोधकाने भुकेची जागा शोधली, त्यानेच पुढे समाधीकडे वळावे, हे विषयाच्या ओघाला धरूनच झाले.

आनंद, जी. एस. छिना व बलदेवसिंग यांनी 1961 मध्ये योग्यांच्या ईईजीचा, म्हणजे टाळूवर विद्युदग्रे लावून घेतलेल्या मेंदूच्या विद्युत आलेखाचा, अभ्यास प्रसिद्ध केला. स्वस्थ, मिटल्या डोळ्यांच्या अवस्थेत मेंदूत सेकंदाला सुमारे 8 ते 13 आवर्तनांच्या अल्फा लहरी आढळतात व प्रकाश, आवाज वा स्पर्श झाला की त्या खंडित होतात. अभ्यासलेल्या योग्यांत समाधीच्या काळात या लहरी ठळक व अखंड राहिल्या. ज्या दोघांना त्या काळात बाह्य उद्दीपने देण्यात आली, त्यांच्या लहरी, एरवी खंडित होत असूनही, तेव्हा खंडित झाल्या नाहीत. आणखी दोघांनी 4 अंश सेल्सियसच्या थंड पाण्यात पाऊण तासाच्या आसपास हात बुडवून ठेवला असताही अल्फा लहरी टिकून होत्या. प्रयुक्तांची संख्या फारच लहान होती, ही या अभ्यासाची उघड मर्यादा. त्याच वर्षी वेंगर, बागची व आनंद यांनी हृदय थांबवण्याच्या दाव्यांची तपासणी प्रसिद्ध केली. श्वास रोखून व स्नायू आवळून छातीतील दाब वाढवल्याने हृदयाकडे परतणारे रक्त घटते व नाडी हाताला लागेनाशी होते, पण हृदयाचा विद्युत आलेख चालूच असतो, असे तीत दिसून आले.

या निष्कर्षांचा उपयोग दोन्ही पक्षांनी केला, आणि तो दोघांनीही काहीसा घाईने केला. लहरी बदलल्या यावरून मन शरीरावर अधिराज्य करते असे सिद्ध होत नाही, कारण तो बदल मेंदूनेच मेंदूत घडवलेला असू शकतो. उलटपक्षी आलेख मिळाला म्हणजे समाधीचा अनुभव स्पष्ट झाला, असेही नव्हे. अमुक प्रक्रियेसोबत काही अनुभवास का यावे, या प्रश्नाला डेव्हिड चामर्झ यांनी 1995 मध्ये चैतन्याचा ‘कठीण प्रश्न’ म्हटले. येथे सांख्य-योगाची विभागणी आधुनिक वादातील सरसकट ‘मन’ या कल्पनेपेक्षा अधिक काटेकोर ठरते. त्या दर्शनांत बुद्धी, अहंकार व मन ही जड प्रकृतीचीच कार्ये असून केवळ साक्षी पुरुष तीहून वेगळा आहे. तेव्हा चित्तवृत्तींचा आलेख निघावा, यात सांख्याला धक्कादायक असे काही नाही.

दिल्लीतच हा प्रश्न न्यायालयासमोरही वेगळ्या वेषात आला. सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात 5 मे 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नार्को चाचणी, पॉलिग्राफ व मेंदूच्या विद्युत प्रतिसादांची चाचणी सक्तीने करण्यास मनाई केली. रक्त वा केस यांसारख्या शारीरिक पुराव्याच्या वर्गात या चाचण्यांचे निष्कर्ष न बसवता न्यायालयाने त्यांना व्यक्तीच्या साक्षीच्या जवळचे मानले आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद 20(3) मधील, स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती न होण्याचे, संरक्षण त्यांना लागू केले. मन मूलतः काय आहे, हे ठरवण्याची गरज न्यायालयाला पडली नाही.